बिनपगारी हातांचा हिशोब

रमजानमध्ये मुस्लिम घरातला दिवस पहाटे चारच्या आसपास सुरू होतो. रोजा धरण्यापूर्वी, उजाडायच्या आधी जे जेवण घ्यायचे ते सहरीचे. मशिदीतून पुकारा होतो, मोबाइलचे गजर वाजतात आणि घरची मंडळी डोळे चोळत दस्तरखानाशी येऊन बसतात. तोवर तवा तापलेला असतो, चहा उकळलेला असतो, तांदळाच्या भाकऱ्या टोपलीत पडलेल्या असतात. म्हणजे कुणीतरी सगळ्यांच्या आधी तासभर उठलेले असते. ती घरातली बाई असते. कुठे आई, कुठे सून, कुठे लग्नाला आलेली मुलगी. तिचाही रोजा असतो. सगळ्यांचे झाल्यावर, अजान व्हायला पाच-सात मिनिटे उरली की ती चार घास खाते. मग भांडी, मग नमाज, मग मुलांची शाळा, सासऱ्यांची औषधे, धुणे, आणि दुपार कलली की इफ्तारीची तयारी.

पेण शहराला लागून, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला असलेल्या रामवाडीत आणि आसपासच्या गावांत हे चित्र फक्त मुस्लिम घरांपुरते नाही. गणपतीच्या दिवसांत हिंदू घरातल्या बाईची पहाट अशीच असते. हमरापूर-जोह्याच्या मूर्तिशाळांत हंगामात रात्रपाळीला जाणाऱ्या बाईला घरचा स्वयंपाक चुकत नाही. खारेपाटातल्या बाईला टँकरची वाट पाहावी लागते ती वेगळीच. सण कुणाचाही असो, त्यामागचे काम त्याच हातांचे असते. आणि त्या हातांना "तुम्ही काय करता?" असे विचारले तर ठरलेले उत्तर येते : "काही नाही, घरीच असते."

या "काही नाही"ची किंमत किती, हा प्रश्न आता फक्त बायकांच्या मंडळांत विचारला जात नाही. अर्थशास्त्रज्ञ, न्यायालये आणि सरकारी पाहणी करणारे अधिकारीही तो विचारू लागले आहेत.

चार तास एकोणपन्नास मिनिटे

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पहिली मोठी पाहणी केली. लोक चोवीस तास कसे घालवतात, हे घरोघरी जाऊन विचारले. २०२४ मध्ये ती पाहणी पुन्हा झाली. २०१९ मध्ये घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचा रोज सरासरी २९९ मिनिटांचा वेळ त्यात जात होता. पुरुषांचा ९७ मिनिटे. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषांनीही आपली नऊ मिनिटे कमी करून घेतली.

मुले, आजारी माणसे, म्हातारी माणसे यांची देखभाल यात धरलेली नाही. ती वेगळी मोजली आहे. २०२४ च्या पाहणीत अशी देखभाल करणाऱ्या बायकांचे रोज १३७ मिनिटे त्यात जातात, पुरुषांची ७५. शिवाय ही आकडेवारी जे हे काम करतात त्यांच्यापुरतीच आहे. २०१९ च्या पाहणीत दिवसभरात काही ना काही घरकाम करणाऱ्या बायका ८१ टक्के होत्या, पुरुष २६ टक्के. म्हणजे चारांतल्या तिघा पुरुषांनी त्या दिवशी घरातली काडीही इकडची तिकडे केली नव्हती.

हा वेळ पैशात मांडून पाहू. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दिवसाचा दर ३१२ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९ रुपये. २८९ मिनिटे म्हणजे चार तास एकोणपन्नास मिनिटे. या दराने घरकामाचे रोजचे १८८ रुपये होतात. त्यात देखभालीची १३७ मिनिटे मिळवली तर रोजचे २७७, महिन्याचे सुमारे ८,३०० आणि वर्षाचे जवळपास एक लाख रुपये. यात रविवार नाही, ईद-दिवाळीची सुट्टी नाही, आजारपणाची रजा नाही. आणि हा दर खड्डे खोदण्याच्या अकुशल कामाचा आहे. मधुमेह झालेल्या सासूचे पथ्य सांभाळणे, तापाने फणफणलेल्या लेकराजवळ रात्र काढणे, चार जणांच्या पगारात सहा जणांचा महिना भागवणे यांना अकुशल म्हणायचे का, हा प्रश्न वेगळाच.

रोजगार हमीचा मूळ विचार महाराष्ट्राचाच. देशाचा कायदा २००५ मध्ये आला. त्यात एक बोलकी तरतूद होती. कामावर आलेल्या बायकांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांच्यातलीच एक बाई मुलांना सांभाळायला नेमायची आणि तिला इतरांएवढीच मजुरी द्यायची. म्हणजे मूल सांभाळणे हे खड्डा खोदण्याइतकेच काम आहे, हे कायद्याने मान्य केले होते. मात्र तीच बाई तेच मूल घेऊन घरी बसली की तिचे काम, काम राहत नाही.

जगाचा हिशोब आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ च्या अहवालात मांडला. जगभर रोज १६४० कोटी तास बिनपगारी सेवेत जातात. दोनशे कोटी माणसांनी रोज आठ तास फुकट राबावे, इतके हे काम आहे. त्यातले तीन चतुर्थांशांहून अधिक बायका करतात. किमान वेतनाच्या दरानेही त्याची किंमत जगाच्या एकूण उत्पन्नाच्या नऊ टक्के होते.

पापड मोजतात, भाकरी नाही

मग हे काम राष्ट्रीय उत्पन्नात का दिसत नाही? पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच या विसंगतीवर बोट ठेवले होते. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केले तर देशाचे उत्पन्न कमी होते, असे तो म्हणाला. काम तेच, घर तेच, माणसे तीच. फक्त पगार थांबला, म्हणून हिशोबातून ते काम नाहीसे झाले. न्यूझीलंडच्या मॅरिलिन वेअरिंग यांनी १९८८ च्या पुस्तकात हाच धागा धरून राष्ट्रीय उत्पन्नाच्या साऱ्या मांडणीवर प्रश्न उभा केला. आपल्याकडे देवकी जैन यांनी १९७० च्या दशकातच राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या खेड्यांत बायकांच्या वेळेची नोंद करून दाखवली होती.

नियम कसा आहे, ते पेणच्या माणसाला पापडाच्या उदाहरणाने चटकन कळेल. पेणचे पापड आणि पोहे प्रसिद्ध आहेत आणि त्यामागे बायकांचेच हात आहेत. राष्ट्रीय हिशोबाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार घरी केलेली वस्तू, अगदी घरच्यासाठी केलेली असली तरी, तत्त्वतः उत्पादनात धरायची. सेवा मात्र धरायची नाही. म्हणजे बाईने वर्षाचे पापड लाटले तर ते उत्पादन. तोच पापड भाजून, भाकरी थापून, ताट वाढून दिले तर ते उत्पादन नव्हे. विहिरीवरून पाणी आणले तर उत्पादन. त्या पाण्याने आजाऱ्याला आंघोळ घातली तर नव्हे.

यातही आणखी एक गाठ आहे. रोजगाराच्या सरकारी पाहणीत केवळ घरकाम करणाऱ्या बाईला ९२ क्रमांकाचा संकेत देतात. घरकामाबरोबर लाकूडफाटा, पाणी, शिवणटिपण करणारीला ९३. हे दोन्ही संकेत "श्रमशक्तीच्या बाहेर" धरले जातात. म्हणजे जिने आणलेले पाणी तत्त्वतः उत्पादन आहे, ती बाई मात्र कामगार नाही.

पेण तालुक्यात हे पाणी नुसते उदाहरण नाही. तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईच्या नळांना जाते आणि खारेपाटातल्या बायका उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरमागे धावतात, हे इथल्या वृत्तपत्रवाचकांना सांगायला नको. रमजान उन्हाळ्यात आला की रोजा धरून, घशाला कोरड पडलेली असताना, दुसऱ्यांच्या वजूसाठी आणि स्वयंपाकासाठी पाणी भरणारी बाई या तालुक्यात असते. नळ घरात आला तर तिचा रोजचा वेळ वाचतो. म्हणून पाण्याची योजना ही बायकांच्या वेळेचीही योजना असते. पण योजनेच्या कागदावर लिटर असतात, मिनिटे नसतात.

किंमत ठरते ती अपघातानंतर

रामवाडीवरून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग वर्षानुवर्षे रखडलेल्या चौपदरीकरणासाठी आणि अपघातांसाठी गाजला आहे. या रस्त्याने रायगड जिल्ह्यातल्या अनेक घरांना दुःख दिले. आणि एक विचित्र गोष्ट याच दुःखातून पुढे येते. आयुष्यभर ज्या कामाची कुणी किंमत केली नाही, त्याची किंमत पहिल्यांदा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात ठरते. बाई गेलेली असते. विमा कंपनीचा वकील म्हणतो, मयत व्यक्ती गृहिणी होती, तिला उत्पन्न नव्हते. मग नुकसान किती आणि कशाचे?

मोटार वाहन कायद्यात १९९४ मध्ये जोडलेल्या परिशिष्टाने यावर ढोबळ तोडगा काढला होता. कमावत्या नसलेल्या व्यक्तीचे उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरायचे. कमावता नसलेला जोडीदार गेला तर मागे राहिलेल्या कमावत्या जोडीदाराच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश धरायचा. म्हणजे बाईच्या कामाची किंमत तिच्या कामावरून नाही, तर नवऱ्याच्या पगारावरून. साहेबाच्या बायकोची भाकरी महाग, हमालाच्या बायकोची स्वस्त.

सर्वोच्च न्यायालयाने हळूहळू यात सुधारणा केली. १९८९ मध्ये जमशेदपूरला टाटा कंपनीच्या समारंभात लागलेल्या आगीत बायका आणि मुले मोठ्या संख्येने दगावली. त्या प्रकरणाचा निकाल २००१ मध्ये लागला. तेव्हा न्यायालयाने गृहिणीच्या सेवेची किंमत महिन्याला ३,००० रुपये धरली. २०१० मध्ये दुसऱ्या एका अपघाताच्या खटल्यात न्यायालयाने २००१ च्या जनगणनेवरच कडक शब्दांत टीका केली. घरकाम करणाऱ्या बायकांना तिथे भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत, उत्पादक काम न करणाऱ्यांत बसवले होते.

५ जानेवारी २०२१ चा निकाल सर्वांत स्पष्ट आहे. दिल्लीतल्या एका अपघातात नवराबायको दोघेही गेले होते, मागे लहान मुली होत्या. न्या. एन. व्ही. रमणा यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात २०१९ च्या पाहणीतले २९९ आणि ९७ मिनिटांचे आकडे नोंदवले. २०११ च्या जनगणनेत घरकाम हेच मुख्य काम सांगणाऱ्या बायका १५ कोटी ९८ लाखांहून अधिक, तर पुरुष ५८ लाखांच्या आतच, हेही सांगितले. गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न ठरवणे म्हणजे तिच्या कामाला मान देणे आहे, आणि काळाबरोबर पगारदाराचे उत्पन्न वाढते तसे तिचेही वाढते असे धरायला हवे, असा त्या निकालाचा आशय होता.

या निकालांनी अनाथ झालेल्या मुलांना आधार दिला, यात शंका नाही. पण ज्या बाईचा हा मान, ती तो घ्यायला नसते. जिवंतपणी तिच्या नावावर काय असते?

दुबईचा पैसा आणि गावातला संसार

कोकणी मुसलमानांच्या घरांत हा प्रश्न टोकदार होतो. रायगड-रत्नागिरीतल्या किती घरांचा कर्ता पुरुष जहाजावर किंवा आखातात नोकरीला गेला, याला गणती नाही. तो तिथे कष्ट करतो, आठ-आठ जणांच्या खोलीत राहतो, पैसे पाठवतो. गावातली बाई त्या पैशातून घर बांधून घेते, गवंड्याशी भांडते, मुलांच्या शाळेच्या सभांना जाते, सासूच्या डायलिसिसच्या पाळ्या सांभाळते, शेताच्या बांधाचा वाद तलाठ्यापर्यंत नेते. दोन वर्षांनी नवरा सुट्टीवर येतो. घराच्या कागदावर नाव त्याचे.

मद्रास उच्च न्यायालयासमोर अगदी असेच प्रकरण आले. नवरा अनेक वर्षे सौदी अरबस्तानात नोकरीला होता, बायको गावी संसार आणि मुले सांभाळत होती. पुढे मिळकतीवरून वाद झाला. जून २०२३ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की नवरा आठ तासांची नोकरी करू शकला तो बायकोने चोवीस तास घर सांभाळले म्हणून. तेव्हा त्या कमाईतून घेतलेल्या मिळकतीत तिचाही सारखा वाटा आहे. पक्षकार हिंदू होते. पण निकाल वाचताना म्हसळा-श्रीवर्धनच्या, पेण-पनवेलच्या कितीतरी मुस्लिम घरांना तो आपलाच वाटेल.

महाराष्ट्राने हा विचार याआधी शेतातून केला आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला महिलांचे अधिवेशन भरवले आणि त्यानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. घरच्या लक्ष्मीने राबून जे ऋण चढवले आहे, ते फेडायचे तर जमिनीचा तुकडा तिच्या नावे करा, असे शेतकऱ्यांना सांगितले. अनेक गावांत शेतकऱ्यांनी सातबारावर बायकोचे नाव लावले. त्यासाठी सरकारी अनुदान लागले नव्हते. तलाठ्याकडे जाण्याची तयारी तेवढी लागली.

धर्म काय सांगतो

अनेकांचा समज असा की बाईने घरकाम करावे, हे धर्मानेच सांगितले आहे. इस्लामच्या बाबतीत तरी हे इतके सोपे नाही. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई मजहबाचे. शाफई फिकह, म्हणजे धर्मशास्त्रीय कायदा, सांगतो की स्वयंपाक, धुणी, झाडलोट या गोष्टी निकाहच्या करारातून बायकोवर येणाऱ्या कायदेशीर बंधनात मोडत नाहीत. नवऱ्याकडे मात्र नफ्का, म्हणजे तिच्या अन्न-वस्त्र-निवाऱ्याचा खर्च, हे बंधन आहे. हनफी फकीह घरकामाला बायकोचे नैतिक कर्तव्य मानतात, तरी काझीने ते तिच्याकडून सक्तीने करवून घ्यावे, असे म्हणत नाहीत. म्हणजे बाई जे करते तो तिचा एहसान आहे. एहसानाला हक्क समजणे ही चूक, हे फकीहांनी शेकडो वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे.

कुरआनाच्या दोन सूरांत, बकरा आणि तलाकमध्ये, दूध पाजणाऱ्या आईचा विचार आहे. घटस्फोटानंतर आईने बाळाला दूध पाजले तर बापाने तिला मोबदला द्यावा आणि तो आपसात सल्लामसलतीने ठरवावा, असा त्याचा अर्थ आहे. आईचे दूध ही जगातली सर्वांत मायेची गोष्ट. तिथेही मोबदल्याचा विचार केला म्हणून माया कमी होते, असे धर्माला वाटले नाही. इराणने १९९२ मध्ये कायद्यात अशी दुरुस्ती केली की घटस्फोटावेळी बाई आपल्या घरकामाची मजुरी मागू शकते. त्याचा आधार हाच, की हे काम तिच्यावर बंधनकारक नव्हते.

पैगंबरसाहेब घरी असत तेव्हा घरच्यांच्या कामात लागलेले असत, आपली पादत्राणे आणि कपडे स्वतः सांधत, असे हजरत आयशा यांनी सांगितले आहे. जुम्याच्या बयानात हा प्रसंग ऐकून माना डोलावणारे किती पुरुष घरी गेल्यावर आपले ताट स्वतः उचलतात? पैगंबरांची कन्या हजरत फातिमा यांच्या हातांना जाते दळून घट्टे पडले होते, हेही हदीसमध्ये नोंदलेले आहे. जात्याचे नाव निघाले की मराठी माणसाला ओव्या आठवतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मदिनेतले जाते आणि मावळातले जाते, दोन्हीकडे पीठ बाईनेच पाडले.

म्हाताऱ्या आईवडिलांची गोष्टही पाहण्याजोगी आहे. इस्लाममध्ये आईवडिलांची खिदमत ही त्यांच्या मुलांची जबाबदारी. सुनेवर ती नाही, हे उलेमा सांगतात. देशाच्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही जबाबदार म्हणून मुलगा, मुलगी आणि नातवंडे यांची नावे आहेत. सुनेचे नाव नाही. शरीयत आणि संसदेचा कायदा या मुद्द्यावर एकमत आहेत. प्रत्यक्षात सासऱ्याचे अंथरूण कोण बदलते, ते घरोघरी ठाऊक आहे.

पगारी हातांचे काय?

जे काम घरात फुकट होते ते बाहेर पगारावर गेले, की पगारही तोकडाच ठरतो. घरी बायका करतातच की, मग त्याला असे काय लागते, हा विचार पगारावरही बसतो. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये सेवासदन सुरू केले. तिथून शिकून बायका परिचारिका झाल्या, तेव्हा शुश्रूषा हे शिकावे लागणारे, पगार घेण्याजोगे काम आहे, हे महाराष्ट्राने मान्य केले. शंभर वर्षांनंतरही ही मान्यता अर्धीच आहे.

अंगणवाड्या २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाल्या. पन्नास वर्षे होऊनही अंगणवाडी सेविकेला मिळते ते "मानधन", पगार नव्हे. केंद्राने सेविकेचे मानधन २०१८ मध्ये ४,५०० रुपये केले. त्यात राज्य आपली भर घालते. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका-मदतनिसांना संपावर जावे लागले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे सांगितले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशा सेविकांचा गौरव केला. कोविडच्या काळात वस्त्यावस्त्यांतून फिरलेल्या याच आशांना पुढे मानधनासाठी आझाद मैदानात बसावे लागले.

घरेलू कामगारांची स्थिती त्याहून बिकट. महाराष्ट्राने २००८ मध्ये त्यांच्यासाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. १८ ते ६० वयाच्या घरकाम करणाऱ्या बाईला कामगार कार्यालयाकडे नोंदणी करता येते. पण नोंदणीसाठी ती ज्या घरात काम करते तिथल्या माणसाने तिला आपली कामगार म्हणायला हवे. "आमच्या घरच्यासारखीच आहे" असे म्हणणारी घरे या ठिकाणी गप्प होतात. घरातली बाई नोकरीला जाते, तिच्या घरचे काम दुसरी बाई करते आणि त्या दुसरीचे मूल तिची दहा वर्षांची मुलगी सांभाळते. साखळीच्या शेवटच्या कडीला ना पैसा, ना शाळा.

मायेची किंमत करायची का?

यावर एक आक्षेप नेहमी येतो. आईच्या मायेला भाव लावणार का? आक्षेप खोटा नाही. आईची माया विकत मिळत नाही. पण डॉक्टर पैसे घेतो म्हणून त्याची करुणा खोटी ठरत नाही आणि मौलवी-पुजारी यांना मानधन दिले म्हणून त्यांची भक्ती कमी होत नाही. मोल फक्त बाईच्याच कामाला लावले की माया का आटते?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो बायकांच्या चळवळीतूनच आला. घरकामाला पगार दिला तर बाई कायमची चुलीशी बांधली जाईल, पुरुष म्हणेल "पगार घेतेस ना, मग कर." गोव्याने २०१२ मध्ये गृह आधार योजना आणली, महाराष्ट्राने २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेत महिन्याला १,५०० रुपये सुरू केले. हे पैसे गरजू बाईच्या हातात पडतात, ते तिला हवेच आहेत. पण ती मदत आहे, मजुरी नव्हे. शिवाय तिच्या कामाचे तास त्यामुळे कमी होत नाहीत. म्हणून अर्थतज्ज्ञ तीन पायऱ्या सांगतात : हे काम आहे हे मान्य करा, त्याचा भार कमी करा, उरलेले वाटून घ्या. नळ, पाळणाघर, सरकारी दवाखाना यांनी भार कमी होतो. वाटून घेणे मात्र सरकार करू शकत नाही.

या महिन्यात करण्याजोगे

रमजान हा हिशोबाचा महिना. सोने किती, शिल्लक किती, अडीच टक्के जकात किती, हे घराघरांत काढले जाते. त्याच वहीत आणखी चार ओळी लिहिता येतील.

पहिली, घरकामाला येणाऱ्या बाईची. ईदला तिला दिलेली रक्कम जकातीची असेल तर ती पगार किंवा बोनस म्हणून धरता येत नाही. जकात कशाच्या मोबदल्यात देता येत नाही, हा फिकहचा साधा नियम आहे. तिचा पगार वेगळा, ईदची बक्षिसी वेगळी आणि ती गरजू असेल तर जकात वेगळी. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्या, ही पैगंबरांची शिकवण तर सर्वांनाच पाठ आहे. रमजानमध्ये तिचे काम वाढते, तर त्या महिन्याचा दरही वाढायला हवा. तिच्या नोंदणीच्या कागदावर सही करणेही त्यातच आले.

दुसरी, घराच्या कागदाची. नवीन घर, नवीन जागा घेताना दोघांची नावे लावायला वेगळा खर्च येत नाही. जुन्या घरासाठी हिबा, म्हणजे बक्षीसपत्राचा मार्ग आहे. महर अजून दिला नसेल तर तो नवऱ्यावर कर्ज आहे. जकातीचा हिशोब काढताना ते कर्जही आठवावे.

तिसरी, वेळेची. इफ्तारच्या वेळी सगळे दस्तरखानाशी बसलेले असताना उठून पाणी आणायचे कुणी, हे रोज आळीपाळीने ठरले तरी पुष्कळ झाले. सहरीचा चहा टाकायला पदवी लागत नाही. तरावीहला मशिदीत तासभर उभे राहणाऱ्या पायांना ओट्यापाशी पंधरा मिनिटे उभे राहणे जड नाही. तिलाही तरावीह पढायची असते, कुरआन उघडायचा असतो. रमजानच्या शेवटच्या दहा रात्री इबादतीच्या मानल्या जातात आणि नेमक्या त्याच रात्री घरातली बाई ईदची साफसफाई, शेवया आणि मुलांचे कपडे यात अडकलेली असते.

चौथी ओळ मुलांसाठी. शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायाचा रकाना असतो. तिथे बहुतेक घरांत आडवी रेघ मारतात किंवा "काही नाही" लिहितात. जनगणनेचा माणूस दारात आला की तोच प्रश्न विचारेल, आणि उत्तर बहुधा घरातला पुरुष देईल. निदान आपल्या हातात असलेल्या त्या रकान्यात तरी ती जे करते ते लिहावे.